सलाईनचे दोन तास

मी गाव सोडलं त्या दिवशी आई मला पोचवायला स्टँडवर आली ती थेट दवाखान्यातून. अकराची परळ गाडी होती. अप्पा माझी बॅग सांभाळत फलाटावर उभे होते, दादा गादीची वळकटी खांद्यावर घेऊन जागा धरायला गाडीत घुसला होता, आणि आईचा पत्ता नव्हता. कंडक्टरने दार ओढून घ्यायच्या बेतात ती लगबगीने येताना दिसली. डाव्या हाताच्या पाठीवर कापसाचा बोळा, त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी, आणि उजव्या हातात दशम्यांचा डबा. "जरा सलाईन लावून आले," ती खिडकीखाली उभी राहून म्हणाली. "तू जानार म्हनताना हातापायातलं बळच गेलं बघ." ती रडली नाही. मीही नाही. गाडी हलली तेव्हा तिने जो हात हलवला तो चिकटपट्टीचाच होता, आणि वळणापर्यंत मला तेवढी पांढरी पट्टीच दिसत राहिली.

ज्यांचं गाव माझ्या गावासारखं आहे त्यांना सलाईनचं काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या माणदेशात बाई थकली असं कुणी म्हणत नाही. बाईला 'अशक्तपणा' येतो. अशक्तपणा आला की गोळ्यांनी भागत नाही, बाटली लावावी लागते. बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे मागच्या खोलीत चार कॉट होत्या, वर पंखा, भिंतीला खिळे आणि खिळ्यांना लटकवलेल्या बाटल्या. बायका ब्लाऊज शिवायला टाकावा इतक्या सहजपणे सांगून ठेवायच्या, "शुक्रवारी येते हां सलाईनला." डॉक्टरांनी गरज नाही म्हटलं तर दुसरा दवाखाना होताच. आईची फेरी दीड-दोन महिन्यांनी व्हायची. जाताना ती धुतलेलं लुगडं नेसायची आणि येताना केस विंचरलेले असायचे, हे मला फार नंतर आठवलं.

आमची पिठाची गिरणी आहे. तशी ती अप्पांची. म्हणजे पाटीवर नाव अप्पांचं, आणि भुवयांवर पीठ आईच्या. सकाळी दळणाचे डबे आले की जोंधळा वेगळा, गहू वेगळा, कुणाचं बारीक, कुणाचं जाडसर, हे सगळं आईच्या डोक्यात. उन्हाळ्यात मिरचीचं कांडप सुरू झालं की घरात सगळे खोकायचे आणि आई मशीनपाशी तोंडाला पदर बांधून उभी असायची.

अशा घरातली पोरगी मानसशास्त्रात एम.ए. करायला नवी मुंबईला निघाली, तेव्हा गिरणीवर चर्चेला कमी राहिली नाही. दळण ठेवायला आलेल्या प्रत्येक बाईने अप्पांना विचारलं की पोरगी नक्की कसली डॉक्टर होणार. अप्पांनाच ते माहीत नव्हतं. "वेड्यांच्यात बसायचं शिक्षन हाय ते," एवढं सांगून ते मशीनला तेल घालायला आत जायचे. मला मात्र त्यांनी एकदा बसवून विचारलं, "दुसऱ्याचं डोकं नीट करायला निघालीस, पर आपलं ठिकाणावर ऱ्हाईल न्हवं?" मी हसण्यावारी नेलं. त्या वयात आपलं डोकं ठिकाणावरच आहे याची माणसाला फार खात्री असते.

खारघरला आल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे इथं पेठा नाहीत, आळ्या नाहीत, सेक्टर आहेत. आणि माणसं सकाळी मुद्दाम दमायला बाहेर पडतात. मनगटावर घड्याळ बांधून, किती पावलं झाली ते बघत, पार्काला फेऱ्या मारतात. पहिल्या आठवड्यात मी आईला फोनवर हे सांगितलं तर तिला पटेचना. "कामाला न्हाई, देवाला न्हाई, मग चालत्यात कुठं?" मी म्हटलं, कुठं नाही, परत घरीच येतात. ती बराच वेळ हसत होती.

आम्ही तिघी एका टॉवरच्या सातव्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खिडकीतून डोंगर दिसायचा, आणि डोंगर दिसतोय म्हणून मी आनंदाने खिडकी उघडली की समोरच्या सोसायटीतल्या बाई पडदा ओढून घ्यायच्या. वर्गात सगळं इंग्रजीत. मला विषय कळायचा, पण तोंड उघडेपर्यंत चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असायची. मी वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून ठेवायचे. बर्नआउट. बाउंडरी. सेल्फ-केअर. ट्रिगर. एखादा नवा शब्द कळला की मला घरचं माणूस आठवायचं आणि तो शब्द मी त्याला लावून बघायचे. दादाला दोन लागले, वहिनीला एक लागला, अप्पांना तर जवळजवळ सगळे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. मी नखशिखांत पिवळी झाले होते.

मग एके दिवशी तासाला तो भाग आला. मनातला ताण काही माणसांच्या तोंडून बाहेर पडत नाही, तो अंगातून बाहेर पडतो. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातापायातलं बळ जातं, आणि तपासण्यांत काही सापडत नाही. मॅडम शिकवत होत्या आणि माझ्या डोळ्यासमोर ती चिकटपट्टी होती. मला वाटलं, सापडलं! इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही ते मला तीन महिन्यांत कळलं. माझी आई अशक्त नाहीच. माझ्या आईला मनाचा त्रास आहे, आणि तो डॉक्टर तिला मीठ-साखरेचं पाणी चढवतोय. दिवाळीला कधी एकदा घरी जाते असं मला झालं.

दिवाळीत मी काय केलं ते लिहायला आजही जड जातं, पण त्याच्यासाठीच तर हे लिहायला बसले आहे.

आधी मी आईला समोर बसवलं. शिकवल्याप्रमाणे पाठ किंचित पुढं, हात उघडे, नजर स्थिर. म्हटलं, "आई, तुला आतून कसं वाटतं?"

आई चकल्यांचा सोऱ्या धुवायला निघाली होती. ती म्हणाली, "बरं वाटतंय की. का गं?"

"तसं नाही. खरंच कसं वाटतं?"

"आगं, सोऱ्या वाळला की मग घासून निघत न्हाई," असं म्हणत ती उठून गेली.

शहाणी असते तर तिथंच थांबले असते. पण भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं चालली असताना आई सहज म्हणाली, की दिवाळीचं काम फार झालं, उद्या सलाईन लावून येते. आणि मी सगळ्यांच्या देखत बोलायला लागले. अप्पा, दादा, वहिनी, सगळे पाटावर. मी सांगितलं की त्या बाटलीत औषध नसतं, नुसतं पाणी असतं. ताकद वगैरे काही येत नाही. आईला काहीही झालेलं नाही, हे सगळं मनाचं आहे, आणि याला शास्त्रात नाव आहे. नावही सांगितलं. इंग्रजीत.

अप्पांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "म्हंजे काय झालेलंच न्हाई," ते म्हणाले. "मी कवाधरनं म्हनतोय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. आपल्या माणसाला काही झालेलं नाही हे ऐकून कुणालाही बरंच वाटेल. दादा म्हणाला, "चला, शिकल्याचा उपयोग झाला." आईने कुणाकडेच बघितलं नाही. भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला आणि वहिनीला म्हणाली, "वाढ गं त्यास्नी." दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली नाही. त्यानंतरही गेली नाही.

मी खारघरला परतले ते विजयी वीरासारखी. फोन केला की विचारायचे, "सलाईन?" आई म्हणायची, "न्हाई बाई. ठणठणीत हाय मी." मला धन्य वाटायचं. त्याच दिवसांत आमच्या डिपार्टमेंटचा वेलनेस वीक होता. मुली मातीची भांडी करत होत्या, चित्रं रंगवत होत्या, आणि मराठी पोस्टर कोण करणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'स्वतःसाठी रोज थोडा वेळ काढा.' खाली पिवळं फूल काढलं. ते पोस्टर कॉरिडॉरमध्ये बरेच महिने होतं आणि त्याच्यासमोर उभं राहून मी एक सेल्फीही काढला होता. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, मी पुसत नाही.

सत्राच्या शेवटी एका व्यक्तीचा अभ्यास लिहून द्यायचा होता. मी आईवर लिहिलं. नाव अर्थातच बदललं. 'श्रीमती क्ष, वय अठ्ठेचाळीस, गृहिणी.' त्रास काय, कारण काय, उपाय काय केला, परिणाम काय झाला. परिणामापुढे लिहिलं की पूर्ण बऱ्या झाल्या. मॅडमनी वही परत दिली तेव्हा मार्क दिलेलेच नव्हते. 'श्रीमती क्ष' या नावाखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, 'या तुझ्या कोण, ते मी विचारत नाही. यांचा एक दिवस लिहून आण. उठल्यापासून निजेपर्यंत.' बस, एवढंच.

त्या रविवारी माझी मैत्रीण दर्शना मला तिच्या घरी घेऊन गेली. दर्शना वर्गातलीच, द्रोणागिरीच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातली. तिचे आजोबा भातशेती करायचे. आता शेताच्या जागी गोदामं आहेत आणि रस्त्याने कंटेनरच्या गाड्या रांगेने जातात. गावात तिच्या वडलांची तीन मजली इमारत, वरचे दोन मजले भाडेकरूंना दिलेले. दर्शनाची आई आम्हाला जेवायला वाढून समोरच खुर्चीत बसली. कमरेला पट्टा बांधला होता. मी विचारलं तर हसली. "शेतान व्हतू तवा वाकून दुखाची. आता काम नाय, तर बसून दुखते." मला वाटलं, या बाईंनी आमच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण एका दमात सांगितलं.

जेवण झाल्यावर मी तिथेच वही काढून आईचा दिवस लिहायला बसले. आठवायला सोपं जावं म्हणून मोठ्याने बोलत होते. साडेचारला उठते. पाणी तापवते. म्हशीचं शेण काढते. चहा, मग भाकऱ्या. आठला गिरणी उघडते. अप्पा बिलं, बाजार, ग्रामपंचायत यांत असतात, त्यामुळे दहापर्यंत दळण तीच बघते. मग घरी येऊन धुणं. बारा-साडेबाराला जेवणं. जेवणं झाली की परत गिरणी, कारण दुपारी अप्पा आडवे होतात. पाचला म्हैस. मग संध्याकाळचा स्वयंपाक. वहिनीची मदत असते, पण वहिनीला लहान बाळ. सगळ्यांची जेवणं झाली की भांडी, विरजण, दुसऱ्या दिवसाची मटकी भिजवणं.

दर्शनाची आई तोपर्यंत गप्प ऐकत होती. मी सलाईनचंही सांगितलं. कशी मी घरच्यांना समजावलं, कसं ते बंद केलं. अजूनही थोडी फुशारकी होतीच आवाजात. माझं सांगून झालं तशी ती खुर्चीतून पुढं वाकली.

"मंग तुजी आय आता निजते कवा गो?"

मी वहीत बघितलं. साडेचारपासून दहापर्यंत पान भरलेलं होतं. कुठंही एक ओळ मोकळी नव्हती. मी म्हटलं, "दहाला." ती म्हणाली, "ता तं सगलीच निजतान. मी दिसाचा इचारतंय. जरा पाठ टेकाची, ता कवा?"

दर्शना माझ्याकडे बघत होती, मग ती उगाचच पाण्याचे ग्लास उचलून आत गेली. मला दिसत होता तो मागच्या खोलीतला पंखा. त्याच्याखाली धुतलेल्या लुगड्यात डोळे मिटून पडलेली आई. दोन तास, कधी अडीच. बाटली संपेपर्यंत. त्या दोन तासांत अप्पा स्वतः गिरणीवर बसायचे, वहिनी बाळाला काखेत घेऊन भाकऱ्या थापायची, आणि कुणाचीही तक्रार नसायची, कारण बाईला सलाईन लागलं आहे म्हटल्यावर तक्रार कोण करणार? एवढी एकच जागा होती तिला. तीच मी सगळ्यांच्या पानावर उघडी करून ठेवली होती.

सोमवारी दुपारी मी आईला फोन केला. ही वेळ तिची गिरणीतली. मागे पट्ट्याचा आवाज येत होता. म्हटलं, "आई, थोडं बोलायचंय, बाहेर ये." ती बाहेर आली. मी म्हटलं, "दिवाळीत मी चुकले. सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं."

"त्याचं काय एवढं," ती म्हणाली. "खरं ते बोललीस."

"तुला वाईट वाटलं ना?"

आईला असं काही विचारलं की ती कामाचं निमित्त काढते. त्या दिवशी काढलं नाही. म्हणाली, "आश्वे, मला काय कळत न्हवतं व्हय, ते पानी हाय म्हनून? धा वर्सं लावतीया. बाटलीवर लिवलेलं असतंय."

"मग जायचीस कशाला?"

"हाताला सुई असली म्हंजे हातात कुनी काम देत न्हाई बघ," ती म्हणाली. मग आवाज थोडा हलका झाला. शेजारच्या कॉटवर बांगडीवाल्या काकू असायच्या, त्यांचीही तीच वेळ. दोघी छताकडे बघत बोलायच्या. माहेरचं, लेकींचं, काहीबाही. काकू गाणंही म्हणायच्या हळू आवाजात. डॉक्टर मधूनच डोकावून म्हणायचे, झोपा आता. "कवा कवा खरंच डोळा लागायचा," आई म्हणाली. "आता जरा टेकले की तुजं अप्पा म्हनत्यात, पोरगीनं सांगितलं न्हवं, काय झालं न्हाई म्हनून. मग उठतीया."

मी रडले. सातव्या मजल्यावर, दुपारी, खिडकी उघडी होती आणि समोरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, तरी रडले. आई घाबरली आणि मलाच समजावत बसली. शेवटी म्हणाली, "आता जाऊ का? पायलीभर जोंधळा तसाच ऱ्हायलाय."

मी मॅडमना दुसरी वही दिली. त्यात आईचा दिवस होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, की श्रीमती क्ष बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्यावर उपचार करणारी चुकली. मॅडमनी या वेळी मार्क दिले. समासात काहीच लिहिलं नाही. आपल्या माणसावर आपलं शास्त्र चालवू नये हा नियम त्या आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. सगळ्यांनी तो वहीत लिहूनही घेतला होता.

होळीला गावी गेले ती अप्पांशी बोलायचं ठरवूनच. गिरणीत ते एकटे होते. मी सांगितलं, "अप्पा, आईला काही झालेलं नाही असं मी म्हणाले ते चूक होतं. ती दमलीय." अप्पांना ते कळेना. त्यांच्या लेखी आजार तरी असतो नाहीतर नसतो. मधलं काही नसतं. "मग लावू दे की सलाईन, मी कुटं न्हाई म्हनलो?" ते म्हणाले. मी म्हटलं, "सुई टोचून घेतल्याशिवाय तिला दोन तास मिळायला पाहिजेत." ते गिरणीच्या दगडाला टाकी लावायची छिन्नी घेऊन कोपऱ्यात बसले.

पण दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारावर खडूने लिहिलेलं दिसलं, 'दुपारी २ ते ४ बंद.' गावात नुसता हशा. माणदेशात पुणं आलं म्हणून लोक अप्पांना चिडवायला लागले. एका म्हातारीने तर दारातच पोतं ठेवून बैठक मारली. अप्पा हटले नाहीत. आता तुम्ही म्हणाल, झालं, सगळं गोड झालं. तसं नाही होत. लग्नसराई आली, कांडप आलं, आणि खडूच्या अक्षरांवर मिरचीची धूळ बसली. दोन ते चार बंद असायची ती गिरणी, आणि त्या दोन तासांत आई घरी पापड लाटायची. रिकामा वेळ मिळाला तरी तो घ्यायचा कसा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी तरी कुठं शिकले होते? शिकले ते पोस्टर रंगवायला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी नेरूळच्या एका कॉलेजात समुपदेशक आहे. माझ्या खोलीत मुलंमुली येतात. कुणी कोकणातून आलेलं, कुणी विदर्भातून, कुणी इथल्याच गावठाणातलं. कुणी सरळ 'टेन्शन आहे' म्हणत नाही. मॅडम, डोकं फार दुखतं. मॅडम, छातीत कसंतरी होतं. पूर्वी मी लगेच त्याला नाव द्यायचे. आता विचारते, तुझा दिवस सांग, उठल्यापासून. आणि ऐकताना मनात दर्शनाच्या आईचा प्रश्न असतो. ज्यांना औषध लागतं त्यांना मी डॉक्टरांकडे पाठवते, त्यात कुचराई करत नाही. पण नाव द्यायची घाई मात्र गेली ती गेली.

खारघरला मी आता एकटी राहते, एका खोलीचं घर आहे. गावाकडचे विचारतात, घरी कधी येणार? इथले विचारतात, घर कुठलं? दोन्ही प्रश्नांत घर म्हणजे मी गावच धरते. गावी गेले की मात्र चौथ्या दिवशी मला या खोलीची आठवण यायला लागते आणि मग आपण कुणाचेच नाही असं वाटून रडू येतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले आहेत त्यांना हे ठाऊक असेल. जे गावीच राहिले त्यांना ते नाटक वाटेल, आणि वाटू दे, मी तिकडे असते तर मलाही वाटलं असतं.

गेल्या थंडीत आई पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली. एकटी, एसटीने. पहिल्या दिवशी तिने डबे घासले. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, दोन किलो पिठाच्या दशम्या. "ऱ्हा गं गप्प," असं म्हणायची आणि मला काही करू द्यायची नाही. संध्याकाळी मी तिला पार्कात नेलं. घड्याळ बांधून चालणाऱ्या बायका बघून ती माझ्या कानाशी लागली, "ह्याच न्हवं का गं, कुठंच न जानाऱ्या?"

तिसऱ्या दिवशी कॉलेज लवकर सुटलं. मी दुपारी तीनला किल्लीने दार उघडलं. घरात कसलाच आवाज नव्हता. आत बघते तर आई माझ्या कॉटवर झोपली होती. पंखा चालू, लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले. दोन्ही हात अंगाशेजारी मोकळे पडलेले. डाव्या हाताच्या पाठीवर शिरेपाशी दोन-तीन जुने बारीक डाग होते, तेवढेच. मी चप्पल हातात घेऊन उभी राहिले आणि माझ्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की हे घर आहे. घर म्हणजे काय याच्यावर मी पुष्कळ वाचलं आहे, एक निबंधही लिहिला आहे. त्या दुपारी मला एवढंच कळलं की आजारी न पडता जिथं माणसाला आडवं होता येतं, ते त्याचं घर. माझ्या आईला ते पन्नाशी उलटून गेल्यावर सापडलं, आणि तेही लेकीच्या भाड्याच्या खोलीत.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी पटकन उचलून दाराबाहेर आले. अप्पा होते. मागे गिरणी धडधडत होती, 'दुपारी २ ते ४ बंद' केव्हाच पुसलं गेलं होतं. एका लग्नघराचा मसाला कुटायचा होता आणि कांडपाच्या मशीनची चावी सापडत नव्हती.

"आईला दे," अप्पा म्हणाले.

"आई झोपलीय."

"या टायमाला? का, बरं न्हाई का तिला?"

"बरी आहे, अप्पा," मी म्हटलं. "बरी आहे म्हणून झोपलीय."

अप्पांचा आवाज आला, नेहमीपेक्षा खाली, जणू त्या आवाजाने आई इथं जागी होईल.

"निजू दे मग. चावी मी बघतो."